ऑटिझम, एडीएचडी, एलडी: तपासणीपासून मुलाच्या मनापर्यंत पोचायचं कसं

ऑटिझम (लोकांशी जुळवून घेणं, संवाद आणि आवाज-स्पर्श सहन होणं यांत फरक), एडीएचडी (लक्ष टिकत नाही, एका जागी बसवत नाही) किंवा एलडी (वाचणं, लिहिणं, गणित अवघड जातं) असलेल्या मुलांच्या, आमच्या भागातल्या पालकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. नवीन कुणी आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘सर्टिफिकेट, म्हणजे दिव्यांग प्रमाणपत्र, कुठे मिळतं?’ दुसरा, ‘हे पूर्ण बरं होतं का?’ मुलगा रविवार संध्याकाळपासूनच पोट दुखतंय म्हणतो, मुलगी शाळेत शहाण्यासारखी वागून घरी आल्यावर तासभर रडते, अशा गोष्टी बऱ्याच दिवसांनी, तेही जाता जाता कळतात.

माझ्या मुलाला एडीएचडी आणि अध्ययन अक्षमता, म्हणजे सगळे ज्याला एलडी म्हणतात ते, दोन्ही आहे. तो आता कॉलेजात आहे. आम्ही सातारा जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी राहतो. त्यामुळे पुण्या-मुंबईबाहेर काय हाती लागतं आणि कशासाठी एसटी धरावी लागते, याचा अंदाज आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट डोक्यात पक्की करा. निदान, सर्टिफिकेट आणि मानसिक आधार या तीन वेगळ्या रांगा आहेत. एकीत नंबर लागला म्हणून दुसरीत आपोआप लागत नाही. तिसरी रांग कुणी दाखवतही नाही, कारण मुलाने नीट बोलावं, नीट लिहावं, जागेवर बसावं एवढीच सगळ्यांना घाई असते. तिसऱ्या रांगेसाठी पहिल्या दोन संपायची वाट पाहायची गरज नाही.

१. कुणाकडे जाण्याआधी वही घाला

एक साधी वही घ्या आणि दोन-तीन आठवडे लिहा. ‘फार त्रास देतो’ या वाक्यातून डॉक्टरांना काहीच कळत नाही. ‘मिक्सर सुरू झाला, कान दाबून पलंगाखाली गेला, बाहेर यायला अर्धा तास लागला’ यातून पुष्कळ कळतं. आधी काय झालं, मग मुलाने काय केलं, शेवट कसा झाला, हे तीनही लिहायचं. झोप, जेवण, कोणते आवाज, वास किंवा कपडे सहन होत नाहीत, कशात रमतो, हेही लिहा. मोबाईलवर दोन-चार छोटे व्हिडिओ असू द्या, कारण दवाखान्यात गेल्यावर मूल हमखास वेगळं वागतं.

शाळेत काय होतं ते शिक्षकांकडून लेखी घ्या. एडीएचडीचं निदान करताना लक्षणं घरी आणि शाळेत अशी किमान दोन ठिकाणी दिसतात का, निदान सहा महिने आहेत का आणि बाराव्या वर्षाच्या आधीपासून आहेत का, हे पाहतात. फक्त घरीच किंवा फक्त एकाच बाईंच्या तासाला दिसत असेल, तर कारण दुसरं असू शकतं.

मूल लहान असेल तर काही खुणांवर थांबूच नका: वर्षाचं होऊनही बोट दाखवणं, टाटा करणं नाही, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडत नाही, किंवा आलेलं बोलणं कोणत्याही वयात गेलं. ‘याचा बापही उशिरा बोलला होता’ हे वाक्य आपल्याकडे प्रत्येक घरात तयार असतं. असेलही. तरी तपासून घ्या, आणि आधी कान तपासा.

मुलींबद्दल वेगळं सांगते. शांत बसून खिडकीबाहेर बघणारी मुलगी कुणाला खटकत नाही. मैत्रिणींची नक्कल करत दिवस ढकलणारी ऑटिस्टिक मुलगी तर ‘गुणी’ ठरते. अशा मुली आठवी-नववीत चिंता किंवा नैराश्य घेऊन समोर येतात, तोवर मूळ कारणाकडे कुणी पाहिलेलं नसतं.

२. कोण काय करतं, ते समजून घ्या

बालरोगतज्ज्ञ: पहिली भेट यांची. शक्य असेल तर मुलांच्या विकासाचे तज्ज्ञ, म्हणजे डेव्हलपमेंटल पेडिॲट्रिशियन. हे मोठ्या शहरांतच सापडतात.

मनोविकारतज्ज्ञ: एमबीबीएस झालेले डॉक्टर. निदान करतात आणि औषध देऊ शकतात.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट: आयक्यू आणि इतर चाचण्या घेतात, मानसोपचार करतात, औषध देत नाहीत. यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, नोंदणी असावी लागते. नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. रिपोर्टवर तो नसेल, तर पुढे सर्टिफिकेटच्या वेळी तोच रिपोर्ट परत येतो.

समुपदेशक: चांगले असतात, तसेच तीन महिन्यांचा कोर्स करून पाटी लावलेलेही असतात. शिक्षण आणि अनुभव विचारा.

ऑक्युपेशनल थेरपिस्ट (ओटी), स्पीच थेरपिस्ट, विशेष शिक्षक: शरीर आणि संवेदना, बोलणं, अभ्यास. ही माणसं लागतातच. पण मुलाची भीती किंवा लाज हा त्यांचा विषय नाही.

कुठे जायचं? शून्य ते अठरा वयाच्या मुलांसाठी २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्याची पथकं अंगणवाडीत आणि शाळेत तपासणी करतात आणि पुढे जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीकडे, म्हणजे शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. पथकाची वाट न पाहता तुम्ही स्वतःही सिव्हिलला जाऊन चौकशी करू शकता. मोठ्या मुलांसाठी सिव्हिलचा किंवा सरकारी मेडिकल कॉलेजचा मनोविकार विभाग. पुण्यात ससून, मुंबईत सायन, केईएम आणि नायर. सायनचं एलडी क्लिनिक राज्यभरातल्या पालकांना माहीत आहे. संस्थांमध्ये मुंबईत उम्मीद आणि ठाण्यात आयपीएच ही नावं तुम्हाला पुन्हा पुन्हा ऐकू येतील. जवळपास काहीच नसेल, तर १४४१६ हा टेली-मानसचा मोफत नंबर आहे. २०२२ पासून सुरू आहे, मराठीत बोलता येतं. निदान तिथे होत नाही, पण काय करावं हे सुचेनासं झालं की दिशा मिळते.

३. फाईल तयार ठेवा

एकच जाड फाईल. मूळ कागद घरी, झेरॉक्सचे दोन संच सोबत.

• जन्मदाखला, मुलाचं आणि पालकांचं आधारकार्ड, रहिवासाचा पुरावा, पासपोर्ट फोटो
• जन्माच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड, लसीकरण कार्ड, आधीची औषधं
• कान आणि डोळ्यांचे रिपोर्ट
• शाळेचं बोनाफाईड, तीन-चार वर्षांच्या गुणपत्रिका, शिक्षकांचं पत्र
• मुलाच्या वह्यांच्या झेरॉक्स. गृहपाठाच्या नको, तो आपणच बसून नीट करून घेतलेला असतो. वर्गातल्या वहीच्या घ्या
• तुमची निरीक्षणांची वही
• जुने सगळे रिपोर्ट, पटले नसले तरी

४. तपासणीच्या दिवशी

मुलाला खोटं सांगून नेऊ नका. ‘डॉक्टरकाका खाऊ देणार आहेत’ म्हणून नेलेलं मूल पुढच्या वेळी रिक्षातच बसत नाही. ‘तुला कुठल्या गोष्टी सोप्या जातात आणि कुठल्या अवघड, ते एक ताई बघणार आहेत. इंजेक्शन नाही,’ एवढं पुरतं. तपासणीला दोन-तीन भेटी लागू शकतात. अर्ध्या तासात निदान आणि लगेच वर्षभराचं थेरपीचं पॅकेज समोर आलं, तर पैसे न भरता उठा.

भाषेचा मुद्दा आधीच बोलून घ्या. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाची चाचणी फक्त इंग्रजीतून घेतली, तर निकाल काय येणार? आयक्यूसाठी बिने-कामत किंवा मॅलिनची चाचणी, ऑटिझमसाठी आयएसएए ही चाळीस मुद्द्यांची भारतीय मापनपट्टी, एलडीसाठी बऱ्याचदा निम्हान्स या बेंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेचा संच, अशी नावं रिपोर्टात दिसतील. लहान मुलांसाठी मोबाईलवर फिरणारी वीस प्रश्नांची एम-चॅट ही ऑटिझमची शक्यता पाहणारी चाळणी आहे, सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांसाठी. तिच्यावरून निदान ठरवू नका. एलडीचं पक्कं निदानही पहिली-दुसरीत होत नाही, साधारण आठ वर्षांनंतर होतं. पण तोपर्यंत वाचनाची मदत द्यायला कुणी अडवलेलं नाही.

रिपोर्ट घेऊन तसंच निघू नका. त्यावर बोलायला वेगळी वेळ मागा आणि विचारा: चिंता किंवा नैराश्य पाहिलंत का? मुलाच्या जमेच्या बाजू कोणत्या? शाळेसाठी लेखी शिफारशी द्याल का? बहुतेक घरांत रिपोर्टातला आयक्यूचा आकडाच तेवढा लक्षात राहतो. तो नातेवाइकांना सांगू नका. तो आकडा बदलू शकतो, पण ‘याचा आयक्यू इतकाच आहे’ ही ओळख वर्षानुवर्षं पुसत नाही.

५. मुलाला सांगा

इथे पालक सर्वांत जास्त अडखळतात. ‘अजून लहान आहे,’ ‘खचून जाईल.’ पण आपल्यात काहीतरी वेगळं आहे हे मुलाला निदानाच्या कितीतरी आधी कळलेलं असतं. त्याच्याकडे त्यासाठी फक्त वर्गातल्या पोरांनी दिलेले शब्द असतात: ढ, खुळा, अर्धवट. तुम्ही दुसरा शब्द दिला नाहीत, तर तो हेच वापरणार.

सात-आठ वर्षांच्या मुलाला व्याख्या नको असते. ‘तुझ्या डोक्याला एका वेळी खूप गोष्टी दिसतात, म्हणून बाईंचं बोलणं मध्येच निसटतं. याला एडीएचडी म्हणतात. तुझी चूक नाही. काय केल्याने सोपं जाईल ते आपण शोधतोय.’ एका दमात सगळं सांगू नका. गाडीवर मागे बसलेला असताना, भाजी निवडताना, तुकड्यातुकड्यांनी सांगा. समोरासमोर बसवून गंभीर आवाजात सांगितलं की मुलाला वाटतं आपल्याला मोठा आजार झालाय. त्याचे प्रश्न येऊ द्या. ‘मी मोठा झाल्यावर जाईल का?’ याला ‘हो, जाईल’ असं खोटं उत्तर देऊ नका. ‘राहील, पण सांभाळायचं कसं ते तुला येत जाईल’ हे खरं आहे आणि मुलांना ते झेपतं.

६. आता तिसरी रांग: मानसिक आधार

या मुलांमध्ये चिंता आणि नैराश्य इतर मुलांपेक्षा जास्त आढळतं. दिवसभर ‘लक्ष दे’, ‘हात हलवू नको’, ‘पुन्हा लिही’ ऐकल्यावर कुणाचंही होईल. काही ऑटिस्टिक मुलांना आपल्याला काय वाटतंय हे ओळखताच येत नाही. त्यांची भीती पोटदुखी, उलटी किंवा झोपमोड होऊन बाहेर पडते. पोटाच्या सगळ्या तपासण्या नॉर्मल आल्या की ‘नाटकं करतो’ म्हणून विषय संपवू नका.

वयाप्रमाणे उपचार बदलतो. लहान मुलांत खेळातून काम चालतं आणि त्याहून जास्त काम पालकांबरोबर होतं. सहा वर्षांखालच्या एडीएचडीत तर औषधाआधी पालक-प्रशिक्षणच सुचवतात. ‘मुलाचं आहे ना, मग मला का बोलावता?’ असं बाबालोक विचारतात. त्यांना न्या. आठ-नऊ वर्षांनंतर विचार, भावना आणि वागणं यांची साखळी ओळखायला शिकवणारी पद्धत, सीबीटी, वापरता येते. ती या मुलांसाठी बदलून घ्यावी लागते: बोलणं कमी, चित्रं आणि लिहून दाखवणं जास्त, एडीएचडीत छोटे तास आणि मधे उठायची मुभा, ऑटिझममध्ये तीच वेळ, तीच खोली. मुलाच्या आवडीतून शिरणारा थेरपिस्ट मिळाला तर सोडू नका. आमच्या ग्रुपमधल्या एका मुलाला एसटीचं वेळापत्रक पाठ आहे. त्याच्या ताईंनी रागाच्या पाच पायऱ्या स्टँडच्या पाच फलाटांवर बसवल्या. ‘मी चार नंबरला आलोय,’ असं तो आता घरी सांगतो.

पहिल्या दोन भेटींत हे विचारा:

• अशा, या वयाच्या मुलांबरोबर किती काम केलंय?
• तीन महिन्यांनी फरक कशावरून ओळखायचा?
• घरी आम्ही काय करायचं आणि काय थांबवायचं?
• मुलगा तुम्हाला सांगेल त्यातलं आम्हाला किती सांगणार?

शेवटचा प्रश्न किशोरवयात फार महत्त्वाचा. जिवाला धोका किंवा कुणी गैरफायदा घेत असेल तर पालकांना सांगायचं, बाकी त्या खोलीतलं त्या खोलीत. हे तिघांनी एकत्र बसून ठरवा. बाहेर आल्यावर ‘काय काय बोललास?’ विचारू नका. वडापाव घ्या आणि घरी या.

तुमच्या गावात कुणीच नसेल तर ऑनलाइन चालतं का? पालक-प्रशिक्षण चांगलं चालतं, मोठ्या मुलांचं समुपदेशनही चालतं, विशेषतः ज्यांना नवीन जागेचाच त्रास होतो त्यांचं. पाच वर्षांच्या मुलाला स्क्रीनसमोर बसवून फार काही निघत नाही.

कुठून काढता पाय घ्यायचा

‘सहा महिन्यांत नॉर्मल करतो’ म्हणणारे. मुलाला आत नेऊन दार लावणारे आणि पालकांना कधीच बघू न देणारे. जबरदस्तीने हनुवटी धरून डोळ्यांत बघायला लावणारे. कुणाला इजा नसताना हात फडफडवणं बंद करण्यावर महिने घालवणारे. ते हलणं बहुधा मुलाचं स्वतःला शांत करणं असतं. आणि स्टेम सेल. ऑटिझमसाठी हा उपचार करू नये, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळाने २०२२ मध्येच सांगितलेलं आहे. तरी लाखो रुपयांच्या जाहिराती दिसतात, आणि लोक जमिनी विकून जातात.

एक सापळा आपणच तयार करतो. सोमवारी ओटी, मंगळवारी स्पीच, बुधवारी रेमेडियल, गुरुवारी ॲबॅकस. मुलाला नुसतं लोळायला संध्याकाळ उरत नाही. थेरपी कमी केल्यावर मूल सुधारलं, असं सांगणारे पालक आमच्या ग्रुपमध्ये एकाहून अधिक आहेत.

घरी आजपासून करता येईल असं

‘आज शाळेत कसं वाटलं?’ याला उत्तर ‘बरं’ एवढंच येतं. ‘मधल्या सुट्टीत कुणाशेजारी बसलास?’ विचारा. उत्तर रोज ‘कुणाच्याच नाही’ असेल, तर तुम्हाला जे कळायला हवं ते कळलं.

हट्ट आणि मेल्टडाऊन यांत फरक करा. हट्टात मुलाला काहीतरी हवं असतं आणि तुमचं लक्ष आहे का हे ते बघत असतं. मेल्टडाऊनमध्ये आवाज, गर्दी, अचानक झालेला बदल सहन होण्यापलीकडे गेलेला असतो. तेव्हा हवी ती वस्तू दिली तरी थांबत नाही. त्या वेळी समजावणं, ओरडणं, मोबाईल दाखवणं सगळं बंद. आवाज खाली, शब्द कमी, गर्दीतून बाहेर. गणपतीची मिरवणूक, लग्नाचा डीजे, जत्रा यांना जाताना कान झाकणारे हेडफोन आणि ‘कंटाळा आला की या खुणेने सांग, आपण निघू’ हा करार सोबत ठेवा. आणि खूण केली की खरंच निघा, जेवणं व्हायची असली तरी.

७. शाळेशी बोलणं

तोंडी विनंती करून घरी येऊ नका. मुख्याध्यापकांना पत्र द्या, पोच घ्या. पत्रात दोन-तीनच मागण्या: पुढच्या बाकावर जागा, सर्वांसमोर मोठ्याने वाचायला न लावणं, फार ताण आल्यावर पाच मिनिटं जाऊन बसायला एक ठरलेली जागा आणि एक ठरलेलं माणूस. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. पहिल्याच भेटीत कलमं फेकू नका, पण माहीत असू द्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत असाल, तर समग्र शिक्षा अभियानाचे विशेष शिक्षक तालुक्याच्या गट साधन केंद्रात असतात. त्यांना शाळेत बोलवा.

दहावी-बारावीच्या सवलतींचं काम नववीतच सुरू करा. तासाला वीस मिनिटं जादा वेळ, लेखनिक, कॅल्क्युलेटर, काही गटांना भाषेत किंवा गणितात सूट अशा सवलती आहेत, आणि शाळेमार्फतच अर्ज जातो. गणित सोडण्याआधी विचार करा, पुढच्या काही शाखा त्यामुळे बंद होतात. लेखनिकाबरोबर आधी सराव हवा. परीक्षेच्या दिवशी अनोळखी मुलासमोर उत्तर सांगायचं म्हटल्यावर बोबडी वळते.

८. सर्टिफिकेट, थोडक्यात

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये एकवीस प्रकार आहेत. ऑटिझम, बौद्धिक अक्षमता आणि एलडी त्यात आहेत. एडीएचडीचं वेगळं नाव त्यात नाही. म्हणून फक्त एडीएचडी असलेल्यांनी सर्टिफिकेटमागे वर्षं घालवू नयेत. डॉक्टरांचं पत्र घेऊन शाळेशी बोलावं. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायचा, मग रुग्णालयात तपासणी, मग यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र. बहुतेक लाभांना किमान चाळीस टक्के दिव्यांगत्व लागतं. निरामय आरोग्य विम्यात वर्षाला एक लाखापर्यंतचा खर्च, थेरपीसह, बसतो. पण तो ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठीच. एलडीवाल्यांना एजंट तो फॉर्म भरून देतात आणि पैसे घेतात. देऊ नका.

९. औषधं

ऑटिझमवर औषध नाही. त्यासोबतची तीव्र चिडचिड, झोप, चिंता यांवर असतं. एडीएचडीवर आहे आणि अनेकांना उपयोगी पडतं. भूक आणि झोप यांवर परिणाम होऊ शकतो, म्हणून वजन-उंचीची नोंद ठेवा. शेजारणीने सांगितलं म्हणून सुरू करू नका आणि तिनेच सांगितलं म्हणून बंदही करू नका. मुलाला ‘शहाणं होण्याची गोळी’ म्हणू नका.

१०. चौदा ते वीस

या वयात थेरपीला यायला मुलं नकार देतात. ओढून नेऊ नका. थेरपिस्ट निवडण्यात त्यांना घ्या, दोघांपैकी कोण आवडलं ते त्यांना ठरवू द्या. एकदम बोलणं कमी होणं, आवडीची गोष्ट सोडून देणं, झोप उलटीपालटी, ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ असं वाक्य, हे कधीही हलक्यात घेऊ नका. मरणाचा विचार येतो का, हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर हो आलं तर एकटं सोडू नका, गोळ्या-कीटकनाशकं कुलपात टाका, १४४१६ लावा आणि धोका समोर दिसत असेल तर ११२ किंवा थेट रुग्णालय.

अठरा पूर्ण झाल्यावर उपचारांना संमती मुलाची स्वतःची लागते. ज्यांना खरोखर निर्णय घेता येत नाहीत, त्यांच्यासाठी राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून पालकत्व घेता येतं. बाकीच्यांसाठी सतरापासूनच अपॉइंटमेंट त्यालाच फोन करून घ्यायला लावा.

११. घरातले बाकीचे

धाकट्या-थोरल्या भावंडांना ‘तू तरी शहाण्यासारखं वाग’ हे रोज ऐकावं लागतं. आठवड्यात एखादा तास फक्त त्यांचा ठेवा आणि त्या तासात या विषयावर बोलू नका. तुमची स्वतःची झोप उडाली असेल, सारखं रडू येत असेल, तर त्याच मनोविकार विभागात तुमच्या नावाचाही केसपेपर निघतो.

आजी-आजोबांना मात्र एकदा तरी डॉक्टरांकडे सोबत न्या. ‘मारून सुधारत नाही’ हे वाक्य डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की लगेच पटतं. तेच सून चार वर्षं सांगत असते.